नेटवर्ककाका

घरातले दोन संगणक एकमेकांना दिसेनासे झाले की रोडपालीत ज्यांना बोलावतात, आणि बोलावले नाही तरी जे येतात, त्यांना नेटवर्ककाका म्हणतात. प्रत्येक सोसायटीत ते असतात. मोठ्या सोसायटीत दोन असतात आणि त्या दोघांचे पटत नाही. वय साठीच्या पुढे, उभी नोकरी तळोजा एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशन नाहीतर इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये काढलेली, खिशाला टेस्टर, हातात कापडी पिशवी. पिशवीत क्रिंपिंगची पक्कड, आरजे-४५ कनेक्टरची डबी, निळ्या केबलचे वेटोळे आणि एक जुना हब. हा हब कशासाठी, हे विचारायचे नसते. अधिक वर्णनाची गरज नाही. ज्याच्या घरी वायफाय आहे त्याच्या ओळखीत हे गृहस्थ आहेतच.

रोडपालीत त्यांना काम पुरते याला कारण आहे. मूळ गाव, भोवती सिडकोचे सेक्टर, त्यांत साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या राहिलेल्या इमारती आणि पलीकडे कळंबोलीचा लोखंड बाजार. या बाजाराचे आणि ट्रान्सपोर्टचे हिशोब लिहिणारी माणसे याच इमारतींत राहतात. त्यामुळे हॉलमध्ये टॅली असलेला डेस्कटॉप, आतल्या खोलीत सुनेचा लॅपटॉप आणि दोघांत मिळून एक प्रिंटर ही मांडणी इथे घरोघरी सापडते. टॅलीचा डेटा डेस्कटॉपवर, तो उघडायचा लॅपटॉपवरून. ज्या दिवशी उघडत नाही त्या दिवशी तारीख १० किंवा १९ असते, कारण जीएसटीआर-१ची मुदत साधारणतः ११ला आणि ३-बीची २०ला संपते. एरवी महिनाभर हे संगणक एकमेकांकडे बघत असतात की नाही, याची कोणी चौकशीही करत नाही.

काका येतात, खुर्ची पुढे ओढतात आणि ‘नेटवर्क’ची खिडकी उघडतात. खिडकी रिकामी. घरातली सगळी मंडळी मागे उभी. मग काका ते वाक्य उच्चारतात, ज्याच्यासाठी ते लिफ्ट बंद असताना चार मजले चढून आलेले असतात: “दिसत नाही म्हणजे नाही असं नाही.”

वाक्य तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आहे, आणि काकांवर चिडणाऱ्यांची खरी अडचण तीच आहे. नेटवर्कच्या खिडकीत संगणकाचे नाव दिसणे ही एक गोष्ट आणि त्या संगणकापर्यंत पोचता येणे ही दुसरी. यादी तयार करणारी यंत्रणा वेगळी असते, फाइल पोचवणारी वेगळी. पहिली बंद पडली तरी दुसरी ठणठणीत असू शकते. म्हणून काका यादीच्या नादी लागत नाहीत. विंडोजची खूण असलेले बटण आणि आर ही दोन एकदम दाबून जी छोटी चौकट उघडते, तिच्यात ते दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे समोरच्या संगणकाचा आयपी पत्ता टाइप करतात. बऱ्याचदा एवढ्यावर टॅलीचा फोल्डर समोर येऊन उभा राहतो. मागे उभे असलेले लोक हुश्श करतात. काका वळून बघतात आणि वाक्य पुन्हा म्हणतात.

ते संगणकापुरते राहिले असते तर तक्रार नव्हती. पण एकदा खरे ठरलेले वाक्य माणूस सोडत नाही. रात्री वारा फिरला की तळोज्याकडून रसायनांचा वास येतो, आणि पाहणी करणारे कोणी सकाळी आले की हवा स्वच्छ असते. त्यांना गाठून काकांनी वाक्य ऐकवले तेव्हा सोसायटीने टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचा तो पहिला आणि शेवटचा प्रसंग. वार्षिक सभेत सिंकिंग फंडाची रक्कम ताळेबंदात सापडेना, तेव्हा काकांनी उठून खजिनदारांची बाजू याच वाक्याने मांडली, आणि खजिनदारांनीच त्यांना हात धरून खाली बसवले. गच्चीवरच्या टाकीत पाणी दिसत नव्हते तेव्हाही त्यांनी ते म्हटले. पाणी नव्हतेच, टँकर मागवावा लागला. एका स्थळाच्या बोलण्यांत मुलीच्या वडिलांनी विचारले की मुलाच्या बायोडेटात नोकरीचा उल्लेख दिसत नाही. मुलाकडून काका बसले होते. पुढे ते लग्न झाले नाही.

या वाक्याचे एक उलट रूपही आहे: दिसतो म्हणजे आहे असंही नाही. ते कसे निघाले हे समजायला थोडे मागे जावे लागते. आयबीएमच्या छोट्या नेटवर्कसाठी १९८३मध्ये नेटबायोस नावाची पद्धत तयार झाली. तिच्यात प्रत्येक यंत्र आपले नाव ओरडून सांगते आणि बाकीची ऐकतात. नाव जास्तीत जास्त १५ अक्षरांचे. २४ ऑगस्ट १९९५ला विंडोज ९५ बाजारात आले, पडद्यावर ‘नेटवर्क नेबरहूड’ हे चिन्ह अवतरले आणि काकांच्या आयुष्यातला उमेदीचा काळ सुरू झाला. कंपनीतल्या यंत्रांना त्या वेळी नावे देण्याचे काम त्यांच्याकडे होते. पुढे घरगुती संगणक आले आणि लोक देवाची नावे देऊ लागले. ‘श्रीस्वामीसमर्थ’ हे रोमन लिपीत सलग लिहिले की १६ अक्षरे भरतात. शेवटचा एच चौकटीत बसत नाही. स्वामींचे नाव तोडणे घरच्या आजींना मान्य नव्हते. काकांनी त्यांना शांतपणे सांगितले, “आजी, तो एच दिसत नाही म्हणजे नाही असं नाही.” आजींना ते पटले. काकांचे वाक्य कुणाला मनापासून पटल्याचे हे एकमेव उदाहरण.

तर या यंत्रांची यादी ठेवायची कुणी, हा प्रश्न होता. विंडोजने तो निवडणुकीने सोडवला. नेटवर्कमधले संगणक आपापसांत मतदान घेऊन एक ‘मास्टर ब्राउझर’ निवडत. सर्व्हरला पहिला मान, मग नव्या आवृत्तीला, बरोबरी झाली तर जो जास्त वेळ चालू आहे त्याला. नवा संगणक आला, जुना गेला, कुणाला शंका आली, की पुन्हा निवडणूक. सहकारी गृहनिर्माण संस्थेचा कायदा माहीत असलेल्या माणसाला यात काही नवे वाटत नाही. नवे एवढेच की इथे निकाल काही सेकंदांत लागे आणि कुणी निबंधकांकडे तक्रार करत नसे. निवडून आलेल्या यंत्राकडे बाकीच्यांनी दर १२ मिनिटांनी हजेरी द्यायची. ओळीने तीनदा हजेरी चुकली की नाव कमी. म्हणजे ३६ मिनिटे. यादीची नक्कल ठेवणारे मदतनीस यंत्र दर १५ मिनिटांनी नवी यादी घेई, ती धरून ५१ मिनिटे. महावितरणची वीज जाऊन एखादा संगणक धाडकन बंद पडला, तर तो मेल्यानंतरही जवळजवळ तासभर यादीत जिवंत दिसू शके. आणि नव्याने चालू केलेला संगणक यादीत यायलाही थोडा वेळ लागे. त्या काळात काकांच्या निम्म्या यशाचे रहस्य हे होते की त्यांचा चहा पिऊन होईपर्यंत यादी आपोआप ताजी होई.

उलट वाक्याला खरी संधी मेट्रोने दिली. बेलापूर ते पेंधर या मार्गाचे काम २०११मध्ये सुरू झाले आणि गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ला. मधली बारा वर्षे खारघरातून जाताना खांब दिसत, पूल दिसे, स्थानके दिसत. काका एनएमएमटीच्या बसमध्ये शेजारच्या प्रवाशाला बोटाने दाखवत आणि सांगत, “दिसते म्हणजे आहे असंही नाही.” शेजारचा प्रवासी उठून दुसऱ्या सीटवर जाई. गाडी सुरू झाली त्या दिवशी काका थोडे उदास होते, असे सांगतात.

आता शोधाची रीत. पोचलेले नेटवर्ककाका कधी सेटिंगपासून सुरुवात करत नाहीत. ते जमिनीवर बसतात. केबल लागली आहे का, उंदराने खाल्ली आहे का, राउटरचा दिवा हिरवा आहे का. घरचे लोक याला टंगळमंगळ समजतात, पण यात बऱ्याच रात्री वाचतात. त्यानंतर काळी खिडकी उघडून दोन्ही संगणकांचे पत्ते. घरगुती पत्ते बहुधा १९२.१६८ने सुरू होतात. ही आकड्यांची मालिका खासगी वापरासाठी राखीव आहे आणि तिचा आजचा नियम फेब्रुवारी १९९६मध्ये ठरला. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर त्या संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही आणि त्याने मनाने एक घेऊन टाकला आहे. अशा वेळी बाकी काही तपासण्यात अर्थ नसतो.

पण रोडपालीत सर्वांत जास्त वेळा सापडणारे दुखणे वेगळेच आहे: दोन राउटर. फायबरवाला आपला डबा बसवून जातो. घरच्यांना जुना राउटर टाकवत नाही, शिवाय आतल्या खोलीत रेंज येत नाही, म्हणून तो डब्याला जोडून आत ठेवला जातो. डबा पत्ते वाटतो १९२.१६८.१ मालिकेतले, जुना राउटर १९२.१६८.० मालिकेतले. दोन्हीकडे इंटरनेट उत्तम चालते, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पण हॉलमधला डेस्कटॉप एका विंगेत आणि आतला लॅपटॉप दुसऱ्या विंगेत, आणि मधल्या दारावरचा रखवालदार बाहेर जाऊ देतो, आत येऊ देत नाही. लॅपटॉपवरून डेस्कटॉप आयपीने सापडतो, पण यादीत दिसत नाही. डेस्कटॉपवरून लॅपटॉप कशानेच सापडत नाही. उपाय सोपा आहे. जुन्या राउटरचे पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करायचे, त्याला पहिल्या डब्याच्या मालिकेतला एक मोकळा पत्ता द्यायचा आणि डब्यातून येणारी केबल ‘वॅन’च्या भोकातून काढून ‘लॅन’च्या भोकात खोचायची. पाच मिनिटांचे काम. काका त्याला दीड तास लावतात, कारण आधी ते घरातल्या प्रत्येकाला विचारतात की काल राउटरला कोणी हात लावला होता. हात कोणीच लावलेला नसतो. तरी जबाब घेतला जातो, लहान मुलांचा वेगळा.

वायफायचे ‘गेस्ट’ नेटवर्कही असेच फसवते. पाहुण्यांना इंटरनेट मिळावे, घरातली यंत्रे मिळू नयेत, यासाठीच ते बनवलेले असते; जावयाने सोयीचा पासवर्ड म्हणून स्वतःचा लॅपटॉप त्यावर जोडला असेल तर प्रिंटर त्याला सापडणार नाही, आणि तो अपमान समजेल. ऑफिसचा लॅपटॉप व्हीपीएनवर असेल तर तोही घराकडे पाठ फिरवून बसतो. २०२०च्या मार्चनंतर घरून काम सुरू झाले तेव्हा हे प्रकरण घरोघरी पोचले. कंपनीने कुलूप लावलेल्या लॅपटॉपला काका हात लावत नाहीत. तो एकच प्रसंग असा की जिथे ते लगेच उठतात.

मग येते ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’. नव्या वायफायला जोडताना विंडोजला सांगावे लागते, हे नेटवर्क कोणते. सज्जन माणसाला वाटते, प्रायव्हेट म्हणजे आपले झाकलेले आणि पब्लिक म्हणजे घरातल्या सगळ्यांसाठी. प्रत्यक्षात उलट. प्रायव्हेट म्हणजे घरचे, इथे संगणक स्वतःची ओळख देतो. पब्लिक म्हणजे स्टेशनवरचे, इथे तो तोंड लपवतो. एक संगणक पब्लिक असला तरी पुरे. त्यातून लॅपटॉपबरोबर फुकट आलेल्या अँटिव्हायरसची स्वतःची वेगळी फायरवॉल असेल तर ती विंडोजला विचारतही नाही. आणि फायरवॉल असताना ‘पिंग’ला उत्तर आले नाही याचा अर्थ समोरचा संगणक मेला असा नव्हे, तो ऐकतो, फक्त ओ देत नाही. इथे काका काय म्हणतात ते सांगण्याची आवश्यकता नाही.

यादीचे जुने दिवस २०१७मध्ये संपले. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर किडा जगभर पसरला, तो विंडोजच्या फाइल देवाणघेवाणीच्या जुन्या पद्धतीतल्या, एसएमबी-१मधल्या, भोकातून. २७ जूनला दुसरा आला. त्याने मर्स्क समूहाच्या यंत्रणा पाडल्या, आणि न्हावा शेव्याला जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचे कामही अडकले. ज्यांचा धंदाच कंटेनरच्या ट्रेलरवर चालतो त्या कळंबोलीकरांना एसएमबी म्हणजे काय हे तेव्हा पहिल्यांदा कळले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून विंडोज १० नव्याने टाकताना एसएमबी-१ बसवणे बंद झाले, आणि तिच्याच आधाराने चालणारी ती निवडणूक, ती हजेरी, ती ५१ मिनिटे, सगळे इतिहासजमा झाले. २०१८मध्ये होमग्रुपही गेला. २००९ साली विंडोज ७बरोबर आलेली ही सोय इतकी सोपी होती की काकांनी तिच्याकडे नेहमी संशयानेच पाहिले. आता स्वतःची ओळख देण्याचे काम ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ नावाची सेवा करते. ती बंद असेल तर संगणक दिसत नाही. सेवांच्या यादीत जाऊन तिला ‘ऑटोमॅटिक’ करावे लागते. काका हे नाव एका दमात म्हणतात आणि मग सभोवार बघतात.

इतके सगळे झाल्यावर संगणक दिसतो, त्यावर टिचकी मारली जाते आणि तो नाव व पासवर्ड विचारतो. येथे अनेक संसार अडलेले आहेत. घरचे लोक चार आकड्यांचा पिन घालतात. पिन चालत नाही, कारण पिन त्या यंत्रापुरता असतो. नेटवर्कवरून यायचे तर खात्याचा खरा पासवर्ड लागतो. तो संगणक घेतला त्या दिवशी दुकानातल्या मुलाने टाकलेला असतो. पासवर्डच नसेल तर आणखी पंचाईत: बिनपासवर्डाच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही, फक्त कीबोर्डसमोर बसलेल्याला घेते. तेव्हा पासवर्ड शोधण्याची कौटुंबिक सभा भरते. गाडीचा नंबर, नातवाची जन्मतारीख, गावाच्या नावापुढे १२३. एका घरी सासऱ्यांचा पासवर्ड निघाला तो सासूबाईंचे माहेरचे नाव. लग्नाला चाळीस वर्षे झालेल्या सासूबाई हातातला ट्रे तसाच धरून आत निघून गेल्या. काका चहाशिवाय तासभर बसून राहिले, पण घड्याळाकडे त्यांनी पाहिले नाही.

प्रिंटरवर स्वतंत्र प्रकरण लिहावे लागेल, पण २०२१च्या गणपतीपुरते सांगितले पाहिजे. १४ सप्टेंबरला गौरींचे विसर्जन झाले, आणि अमेरिकेतल्या त्याच मंगळवारी विंडोजचा सुरक्षा अपडेट निघाला. प्रिंटरच्या यंत्रणेतले एक भोक बुजवण्याची मोहीम जानेवारीपासून चालू होती, त्यातलाच हा पुढचा भाग. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठिकठिकाणी दुसऱ्या संगणकाला जोडलेला, शेअर केलेला प्रिंटर बोलेनासा झाला आणि पडद्यावर शेवटी ‘११बी’ असलेला एक त्रुटीक्रमांक येऊ लागला. तो आठवडा काकांचा होता. ज्या यंत्राला प्रिंटर जोडला आहे त्याच्या रजिस्ट्रीत एक नोंद शून्य करायची, छपाईची सेवा बंद करून चालू करायची, की काम होई. सुरक्षेच्या दृष्टीने हा उपाय चांगला नव्हे, हे काका प्रत्येक घरी सांगत. कोणी ऐकत नसे, कारण समोर अनंत चतुर्दशीच्या महाप्रसादाच्या पावत्या छापायच्या होत्या. इमारतीतल्या दुसऱ्या काकांनी या काळात तीन संगणक फॉरमॅट केले. दुसरे काका कोणत्याही दुखण्यावर फॉरमॅटच मारतात; दोघांतल्या वैराचे मूळ हेच. पहिले काका म्हणतात, दुसऱ्यांना रोग कळत नाही. दुसरे म्हणतात, पहिल्यांना घरी परत जायचे नसते.

दुसऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. बायको फोन करते तेव्हा काका अजून शेजारच्या विंगेतच असतात. “अहो, किती वेळ?” “झालंच. दिसत नाहीये अजून.” घरी कोणी त्यांना विचारत आले तर काकू दारातूनच सांगतात, “घरात दिसत नाहीत म्हणजे नाहीतच.” आजवर त्या वाक्याचे खंडन इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कुणी केलेले नाही.

त्यांच्या चुकाही नोंदवल्या पाहिजेत. सुरुवातीच्या काळात काका सरळ अख्खी डी ड्राइव्ह ‘एव्हरीवन’ला शेअर करून मोकळे होत. एका घरी त्यामुळे सासऱ्यांना टॅलीचा फोल्डर शोधता शोधता मुलाच्या लॅपटॉपवर खारघरच्या वन-बीएचकेच्या हप्त्यांची एक्सेल शीट सापडली. त्या घरातले नेटवर्क इतके चांगले जमले होते की पुढे वर्षभर तक्रार आली नाही. मुलगा-सून खारघरला राहायला गेले तेव्हाच लॅपटॉप यादीतून गेला. तेव्हापासून काका ‘शेअर’ नावाचा एकच फोल्डर करतात, त्यात लागेल तेवढेच ठेवतात आणि बाकीचे बंद करतात. या कामात त्यांना घरोघरचे फोल्डर दिसतात: कोर्टाचे कागद, एका नावावर काढलेले दोन लोन, आजाराचे रिपोर्ट, कुणीतरी कुणाला न पाठवलेले पत्र. काका गप्पिष्ट आहेत, रोडपालीत कुणाचा राउटर कुठल्या मॉडेलचा हे ते न विचारता सांगतात. पण फोल्डरमधले एक अक्षर आजवर त्यांच्या तोंडून बाहेर आलेले नाही. हे त्यांच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही, कारण बोलायचे तर त्यांनी काय पाहिले असेल हे आधी मनात आणावे लागते.

अलीकडे बोलावणी कमी झाली आहेत. प्रिंटर वायफायचे आले, ते मोबाइलवरून छापतात. फोटो क्लाउडवर, हिशोब क्लाउडवर. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फाइल पाठवायची तर ती समुद्रापलीकडच्या कुठल्या तरी सर्व्हरला वळसा घालून व्हॉट्सअ‍ॅपने येते, आणि कुणाचे काही बिघडत नाही. घरातले दोन संगणक एकमेकांना दिसण्याची गरजच उरली नाही, तर ते दिसत नाहीत हे कळणार कसे? काका जिन्यात भेटले की विचारतात, “नेटवर्क बरं आहे ना?” लोक “हो हो” म्हणतात. पूर्वी हेच लोक त्यांना टाळायला लिफ्टचे बटण दाबून धरत.

गेल्या पावसाळ्यात काकांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डोळ्याला पट्टी, आणि नेमका घरचा राउटर विजेच्या लपंडावात गेला. काकूंनी दुसऱ्या काकांना बोलावले. ते नवा राउटर घेऊन आले, जुन्यात कोणकोणत्या नोंदी होत्या ते काकांनी लिहून ठेवलेल्या वहीतून वाचू लागले. पहिले काका आरामखुर्चीवरून सूचना देत होते. प्रिंटरला ५०, डेस्कटॉपला १०. वहीत ११लाही एक नोंद होती, राखीव, पुढे मुलीचे नाव. मुलगी टोरांटोला जाऊन बरीच वर्षे झाली, तिचा तो संगणक भंगारात गेलेला. तांत्रिकदृष्ट्या या नोंदीला काही अर्थ नाही. पत्त्यांचा घरात तुटवडा नसतो, अडीचशेच्या वर असतात. फॉरमॅट मारणाऱ्या माणसाने ती पहिल्या फटक्यात उडवायला हवी होती. दुसऱ्या काकांनी विचारले, “अकरा टाकू का?” पहिल्यांनी म्हटले, “टाका. उगाच दुसऱ्या कुणाला गेला तर गोंधळ होतो.” दुसऱ्यांनी त्या गेलेल्या संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा बारा अक्षरांचा पत्ता एकेक अक्षर तपासून टाकला. दोघांचे अजूनही पटत नाही.

मोबदल्याबाबत: काका पैसे घेत नाहीत. चहा बिनसाखरेचा घेतात आणि सोबत क्रीमचे बिस्किट. कनेक्टरचे दहा रुपये देऊ केले तर रागावतात. काम झाल्यावर ते सगळी यंत्रे एकदा बंद करून पुन्हा चालू करतात, कारण चालू आहे तोवर चालणे याला ते चालणे मानत नाहीत. ही चाचणी होऊ द्यावी, उठू नये. सगळे परत दिसले की ते पिशवीतून पांढरी चिकटपट्टी काढतात आणि राउटरच्या पोटाला लावतात. तिच्यावर बॉलपेनने सुवाच्य अक्षरात लिहिलेले असते: टॅली १०, प्रिंटर ५०, दुसरा राउटर २, डीएचसीपी बंद आहे, चालू करू नये. पासवर्डपुढे: वहिनींना विचारा.